बसलेल्यांना उठवणारी बायजाक्का

परक्या घरी कोणी ‘बसा’ म्हणत खुर्ची पुढे केली, की मी अजूनही क्षणभर उभीच राहते. नातसुनेला वाटतं, म्हातारीचे गुडघे धरले. गुडघे धरलेलेच आहेत, ते निराळं. पण मी थांबते ती बायजाक्कामुळे. खुर्चीत आधीचं कोणी बसलेलं असेल तर त्याला उठायला जरा सवड द्यावी, ही तिची शिकवण. तरुणपणी अंगात मुरलेली गोष्ट आता या वयात कुठे निघायची?

लग्न होऊन मी सारोळ्याहून भोरला आले. आमचे हे संस्थानच्या कचेरीत कारकून, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. घर नदीच्या अंगाला. मागच्या अंगणाला कमरेएवढी दगडी भिंत, भिंतीपलीकडे बायजाक्काचं अंगण, आणि त्याच्याखाली उतरत उतरत गेलं की नीरा. नवी नवरी होते, मागच्या दारी भांडी घासत होते, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

“उटा आता, साहेब. लई बसलात. दुसऱ्याला बसायचंय.”

मी उठून भिंतीवरून पाहिलं. भर उन्हात एक निळा, विटलेला कोच मांडलेला, त्यावर माणूस नाही काणूस नाही. समोर एक उंच, काळीसावळी बाई, पदर खोचलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात वाकड्या पात्याची सुरी. बोलून झाल्यावर ती मान खाली घालून थांबली. एखादा म्हातारा वहाणा शोधत असावा आणि आपण मुकाट्यानं वाट पाहावी, तसं. मग ती बाजूला सरकली. जाणाऱ्याला वाट करून दिली म्हणा ना! आणि मग पटकन खाली बसून तिनं कोचाच्या शिवणीत सुरी घातली.

माझी तर पाचावर धारण बसली. भांडी टाकून आत पळाले आणि सासूबाईंना सांगितलं की शेजारीण वेडी आहे. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, वेडी कसली, धंदा आहे तिचा तो.

आणि धंदाच होता. त्या काळात भोरात खुर्च्या-कोचांची हौस नुकती लागली होती. पुण्याला कॅम्पात साहेबलोकांच्या बदल्या व्हायच्या, सामानाचे लिलाव व्हायचे. आमचे वकील, मास्तर, कचेरीतले वरचे लोक ते मऊ मऊ सामान घेऊन यायचे. बैलगाडी कापूरहोळचा फाटा सोडून भोराकडे वळली, की गाडीवानाला ठाऊक असायचं: आधी बायजाक्काचं अंगण, मग मालकाचं घर. तिनं उसवून, धुऊन, वाळवून पुन्हा शिवल्याशिवाय जुनी गादी कोणाचा उंबरा ओलांडत नसे. प्लेगाचे दिवस फार मागे पडले नव्हते, क्षय तर घरोघर. आणि ढेकूण! साहेबाचे ढेकूण आपल्यापेक्षा मोठे असतात, असं आमच्या आळीत सगळे छातीठोकपणे सांगत.

तिचं काम बघत बसावं असंच होतं. कोचाचं कापड उतरवून ती रिठ्याच्या पाण्यात उकळायची. आतले घोड्याचे केस बाहेर काढून टोपलीनं नदीवर न्यायची, धुवायची, आणि खडकांवर पसरून ठेवायची. दुपारी ऊन कललं की ते सगळे खडक काळे-करडे, मऊ मऊ दिसायचे. नदी शेजारून हळूहळू जायची, आणि वाटायचं, मोठमोठी जनावरं पाण्याकाठी पाय पोटाशी घेऊन झोपली आहेत. लाकडी सांगाड्याच्या फटींत ती कढत पाणी ओतायची, रॉकेलचा बोळा फिरवायची. फारच संशय आला तर कोठडीत सांगाडा ठेवून गंधकाची धुरी, दाराला ओलं पोतं. मग पुन्हा ऊन. कशाचंही काही बिनसलं तरी बायजाक्काचं औषध एकच. “उनात ठिवा.” लोणच्याला बुरशी आली, उनात ठेवा. पोराला खोकला झाला, उनात ठेवा. आमचे हे एकदा वरच्या साहेबांशी भांडून आले आणि पडवीत तोंड फुगवून बसले, तर भिंतीवरून म्हणाली, त्यांना बी जरा उनात बसवा.

शेवटी शिवताना आत वेखंडाचे तुकडे नि कडुनिंबाचा वाळका पाला घालायची. तिच्या हातची गादी वर्षभर तरी तोच वास देत राहायची. अजून कुठे वेखंड उगाळलं की मला ते अंगण दिसतं, वाऱ्यावर तरंगणारी केसांची कुसं दिसतात, आणि मधोमध उभी ती.

आता तिला देव्हाऱ्यात बसवत नाही हं मी. भारी ताठ बाई. नाकाचा तर एवढा गर्व की विचारू नका. खुर्ची आली की पाठीला नाक लावून डोळे मिटायची आणि आधी कोण कोण बसलं होतं ते सांगायची. एकदा वकिलांकडची एक मोठी खुर्ची आली. हिनं वास घेतला आणि एकदम मागे सरली. म्हणाली, हिच्यात कोणीतरी लई दिवस आजारी होतं, हितंच गेलं. सगळ्या आळीनं ऐकलं. खुर्चीला धुरीवर धुरी, उन्हावर ऊन. वकिलीणबाई तर खुर्ची घरात नकोच म्हणायला लागल्या. पुढे लिलावातला माणूस कामासाठी भोरला आला, तेव्हा कळलं की ती कॅम्पातल्या एका न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची. रोज वीस धट्टेकट्टे सोजीर तिच्यावर बसून दाढी करून जायचे. वास होता तो तुरटीचा नि साबणाचा.

आळीनं महिनाभर तिची टर उडवली. पण हार मानेल तर ती बायजाक्का कसली! म्हणाली, त्यातला एखादा तरी आजारी असंलच की. पडलो तरी नाक वर, म्हणतात ते हेच.

सासूबाईंचं आणि तिचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. सासूबाईंचं सोवळं कडक. परक्यांच्या बुडाखालची वस्तू माझ्या घरात येणार नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि बायजाक्का अंगणात असेल तेव्हा ते जरा मोठ्यानं यायचं. आमच्या ह्यांना कोचाची हौस होती. एकदा घाबरत घाबरत विषय काढला, तर सासूबाईंनी सकाळीच त्यांना धारेवर धरलं. तेव्हा भिंतीपलीकडून उत्तर आलं, तेही अगदी शांतपणे.

“काकू, तुमचा पाट तरी कुटं नवा हाय? सात पिढ्या बसल्यात त्याच्यावर. त्यास्नी कोण उटवतं?”

सासूबाईंनी तोंडात मारल्यासारखा चेहरा केला. पण त्या दिवशी जेवायला बसण्याआधी त्या पाटाकडे बघत थोड्या थबकल्या, हे मी वाढताना पाहिलं. मी हसू ओठांत दाबलं.

बायजाक्काच्या स्वतःच्या घरात एकच खुर्ची होती. उंच पाठीची, तांबड्या मखमलीची, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखी पुढे आलेली. ती तिला कानवाली म्हणायची. खुर्ची तिच्या नवऱ्याची. सखाराम त्याचं नाव. संस्थानच्या पागेत बग्गीच्या गाद्या भरायचा, घोड्यांची जिनं शिवायचा. कानवाली त्यानं मोडक्या अवस्थेत आणली, स्वतः भरली, आणि संध्याकाळी दारात मांडून तिच्यात बसून चिलीम ओढायचा म्हणे. पहिल्या मोठ्या लढाईत तो फौजेच्या खेचरांचं सामान शिवायला समुद्रापार बसऱ्याकडे गेला. गेला तो गेलाच. जिवंत असल्याची खबर नाही, मेल्याची नाही. जगाच्या लेखी तो केव्हाच संपला होता. तिच्या लेखी नाही. ती कुंकू लावत राहिली, वटपौर्णिमेला वडाला जात राहिली. बायका कुजबुजायच्या, पण तिच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

गावाच्या खुर्च्या उसवणाऱ्या त्या बाईनं कानवालीला मात्र कधी सुरी लावली नाही. वर घोंगडी टाकून ठेवलेली. मी एकदा न राहवून विचारलं, अक्का, तुमची एवढी मळलीय, हिला का नाही धूत? ती शिवत होती. सुई थांबवून म्हणाली, “धुवायची तर आदी उटवाय लागतं. त्यास्नी उटवलं तर मग ते कुटं जातील?”

मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला. ‘उठा’ म्हटलं की आधीचा माणूस निघून जायचा, कायमचा. असं शेकडो जणांना तिनं मार्गी लावलं होतं. सखारामाला ‘उठा’ म्हणणं म्हणजे आपल्या हातानं कपाळ पुसणं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

वर्षं गेली. मला मुलं झाली, दुसरी लढाई सुरू झाली. आणि सासूबाईंना दमा लागला. आधी थंडीपुरता, मग बारमाही. आडवं झालं की छाती भरायची, श्वास शिटी वाजवत यायचा, ओठ निळसर पडायचे. बसल्या बसल्याच काय तो डोळा लागायचा. आम्ही लोड रचले, तक्के लावले. जरा झोप लागली की त्या बाजूला कलंडायच्या आणि पुन्हा घुसमटून जाग्या व्हायच्या. लाकडी खुर्चीत हाडं टोचायची, अंगावर मांस राहिलं होतं कुठे? झोपेविना बाई वाळून काडी झाली. वैद्यबुवा ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, औषध मी देतोय, पण झोप मिळाली नाही तर हा हिवाळा निघायचा नाही. उंच पाठीची, डोकं टेकवता येईल अशी मऊ खुर्ची बघा कुठे मिळते का.

कुठून मिळणार? लढाईपायी कॅम्पातले लिलाव बंद. वकिलांकडे होता तो कोच, बुटक्या पाठीचा. ह्यांनी किकवीपासून पुण्यापर्यंत निरोप धाडले. अख्ख्या आळीत तशी खुर्ची एकच, आणि ती कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं. मागायची कोणी? मी तर मनातल्या मनात चार वेळा भिंतीपर्यंत गेले नि परत आले.

मागावं लागलंच नाही. सासूबाईंची ती शिटी भिंतीपलीकडे ऐकू जात असणार. एका सकाळी मी मागचं दार उघडलं तर पलीकडच्या अंगणात कानवाली उन्हात मांडलेली. घोंगडी काढलेली. मखमलीवर बसण्याच्या जागी एक खोलगट खळगा, पाठीवर डोकं टेकून टेकून चकाकी आलेली. बायजाक्का मला म्हणाली, अशीच देता येणार न्हाई. वीस-पंचवीस वर्षांची धूळ हाय हिच्या पोटात, काकूंनी दोन श्वास घेतले तर तिसरा घेता यायचा न्हाई. धुरीबी चालायची न्हाई त्यास्नी. नुसतं कढत पाणी नि ऊन. केस लांब नदीच्या पल्याड पिंजते, कुसं इकडं यायला नगत.

सगळं ठरवलं होतं तिनं. आणि मग सुरी हातात घेऊन ती खुर्चीसमोर उभी राहिली.

उभीच राहिली. ऊन वर चढलं. नदीवरचं धुकं विरून गेलं. दोनदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी पडवीत बसलेल्या सासूबाईंची पाठ चोळत होते, आणि मला बघवेना. वाटलं, जावं आणि म्हणावं, अक्का, राहू द्या हो, आम्ही बघू काहीतरी. पण हाताखाली ती पाठ भात्यासारखी वरखाली होत होती. कोणाच्या बाजूनं बोलायचं?

तेवढ्यात सासूबाईंनी माझा खांदा धरला आणि उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, चल. भिंतीला एका जागी खिंडार होतं, तिथून आमची मुलं सदा जायची-यायची. सासूबाईंनी ते कधी ओलांडलं नव्हतं. ज्या अंगणाचं वारंही सोवळ्यात चालत नसे, तिथे त्या माझा आधार घेत, थांबत थांबत गेल्या. बायजाक्का बाजूला झाली. सासूबाई खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. सखाराम शेजारी राहत असताना त्या त्याला नुसतं ‘सखाराम’ म्हणत असणार, ‘अरे’ म्हणत असणार. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“सखारामभाऊ, जरा उठता का?” एकेक शब्दाला थांबत त्या म्हणाल्या. “मला श्वास पुरत नाही हो. तुम्ही परत आलात, की मी लगेच उठेन. शब्द देते.”

सासूबाई मान खाली घालून थांबल्या, बायजाक्का थांबायची तशाच. मग दोघी, एक इकडे नि एक तिकडे, बाजूला सरकल्या आणि मध्ये वाट झाली. मला खोटं बोलायचं कारण नाही, मीसुद्धा सरकले. वारा नव्हता, तरी वेखंडाचा वास आला असं वाटलं. की चिलमीचा होता, कोण जाणे.

बायजाक्कानं पदराचं टोक दाताखाली धरलं आणि शिवणीत सुरी घातली. ढसाढसा रडत होती, हात मात्र एकदाही चुकला नाही. तिच्या कपाळावरचं कुंकू होतं तिथेच होतं. सासूबाईंच्या त्या एका वाक्यानं ते राखलं. सखाराम गेला नव्हता. कोणासाठी तरी जागा सोडून थोडा वेळ बाहेर गेला होता, एवढंच.

कानवाली आमच्या घरी आली. सासूबाईंनी सोवळ्याची सोय करून घेतली, वर धाबळी टाकली. लोकर विटाळत नाही ना! पहिल्या रात्री त्यांनी पंखाला डोकं टेकलं आणि उजाडेपर्यंत झोपल्या. सकाळी उठून पहिलं काय म्हणाल्या? सखारामनं गादी छान भरली होती, बायजानं डाव्या बाजूला जरा जास्त ठासली. भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं की काकू डावीकडंच कलंडतात, म्हणून ठासलीय. मी म्हटलं, चला, घर पूर्वपदावर आलं.

तो हिवाळा निघाला. पुढचेही निघाले. दुपारी बायजाक्का शिवण घेऊन आमच्या पडवीत येऊन बसायची. सासूबाई खुर्चीत, ती जमिनीवर, दोघी भांडत भांडत उन्हं कलेपर्यंत. रस्त्यावर अनोळखी पावलं वाजली की दोघींची मान एकदमच दाराकडे वळायची. सासूबाई तर हातांवर जोर देऊन उठायच्या तयारीत असायच्या. पावलं पुढे निघून जायची, आणि त्या पुन्हा टेकायच्या.

सासूबाई त्याच खुर्चीत गेल्या, एका दुपारी, झोपेत. दिवसवार झाल्यावर मी बायजाक्काला सांगितलं की तुमची कानवाली घेऊन जा, आणि हो, धुवायची असेल तर मी पाणी तापवते. तिनं खुर्चीकडे पाहिलं. खळगा आता निराळा झाला होता, लहानसा, डावीकडे झुकलेला. मला वाटलं, आता म्हणेल, उटा काकू.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “घाई करू नगं. त्यास्नी दम लागतो. ते आलं की उटतील त्या आपसूक. शब्द दिलाय.”

खुर्ची तिनं उसवली नाही. पुढे तिचेही हात कापायला लागले, नजर मंदावली, कामं बंद झाली. वेल्ह्याकडे तोरण्याच्या पायथ्याला तिचं माहेर, भाचा न्यायला आला. बैलगाडीत एक ट्रंक, रिठ्यांचं पोतं, आणि मधोमध दोरीनं बांधलेली कानवाली. बांधताना आम्हाला तिनं बजावलं की खुर्चीचं तोंड पुढं करा, वाट दिसली पायजे. भाच्यानं तिला गाडीत बसायला सांगितलं, खुर्चीत बस म्हणाला, आरामात जाशील. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा कासरा घेऊन पुढे जाऊन बसला.

मी कोपऱ्यापर्यंत गेले. चैताचं ऊन होतं, रस्ता पांढराफटक. गाडी कापूरहोळच्या रस्त्याला लागली. बायजाक्का गाडीला हात धरून शेजारून चालत होती, अनवाणी. थोडं पुढे गेल्यावर तिनं काखेतली काळी छत्री उघडली. मला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी डोक्यावर सावली घेतली बाईनं. पण तिनं हात लांब करून ती छत्री रिकाम्या खुर्चीवर धरली, आणि स्वतः उन्हात चालत राहिली.